नसलेल्या काविळीची माळ

गार्डन रीच, कलकत्ता
बुधवार, १७ एप्रिल १९७४

प्रिय विनू,

पाकिटावरचं अक्षर बघून घाबरला असशील. आईने स्वतंत्र पत्र लिहिलं म्हणजे कोणीतरी आजारी आहे, असंच वाटलं असेल. कोणी आजारी नाही. पत्रं लिहायचं खातं तुझ्या बाबांचं, आणि माझ्या वाट्याला त्यांच्या पत्राच्या तळाशी उरलेली दोन बोटं जागा, तीत 'प्रकृतीस जप' एवढं लिहायचं, ही आपल्या घरातली रीत तू लहानपणापासून बघतो आहेस. ते 'चिरंजीव' लिहितात, 'अनेक उत्तम आशीर्वाद' लिहितात. मी आज मुद्दाम 'प्रिय' लिहिलं आहे. आशीर्वाद आहेतच रे, पण ते वरून खाली द्यायचे असतात, आणि मला आज तुझ्या शेजारी बसून बोलायचं आहे.

अलाहाबादच्या लष्करी बोर्डात निवड झाल्याचं तुझं पत्र आलं तेव्हा बाबांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं. एकदा माझ्यासाठी आणि एकदा शेजारच्या माशीमांसाठी, त्यांच्या त्या मोडक्यातोडक्या बंगालीत. माशीमा रडल्या, मग मला रडत नाही म्हणून रागावल्या, आणि संध्याकाळी वाटीभर पायेश, म्हणजे त्यांची ती तांदळाची खीर, घेऊन आल्या. पत्राचा पुढचा भाग मात्र बाबांनी मनातच वाचला. सोमवारी लष्करी इस्पितळात तुझी तपासणी आहे, तिथले डॉक्टर आधीचं मोठं आजारपण विचारतात, कुठे भरती होतास का ते विचारतात, काय सांगू, असं तू विचारलं होतंस. बाबांनी त्याच रात्री उत्तर लिहून टाकलं: कावीळ झाली होती म्हणून सांग. ते पत्र तुला एव्हाना मिळालं असेल आणि ते वाचून तू श्यामरावांच्या गच्चीवर एकटाच जाऊन बसला असशील, हेही मला इथून दिसतंय. श्यामरावांच्या घरच्यांना काय वाटलं असेल कोण जाणे. जेवायला वेळेवर खाली येत जा, दुसऱ्याच्या घरी उतरला आहेस.

तुझ्या पत्रात अगदी शेवटी माझ्यासाठी एक ओळ होती. 'आई, मी खरं सांगितलं तर घरी काय होईल?' तुझं काय होईल हे तू विचारलं नाहीस. घरी काय होईल, हे विचारलंस. त्या ओळीने मला हे आठ दिवस धड स्वयंपाक करू दिला नाही. दोनदा आमटीत मीठ विसरले. बाबांनी तक्रार केली नाही, त्यांना तीन वर्षांपूर्वी अळणी खायची चांगली सवय झाली आहे.

बाबांवर रागावू नकोस. म्हणजे रागव, पण आधी हे सगळं वाच आणि मग रागव. जे झालं ते आपण तिघंचौघं जाणतो, पण या घरात ते कोणी तोंडाने कधी उच्चारलं नाही. आज मला ते एकदा स्वच्छ अक्षरात लिहून काढायचं आहे. तुला माहीत असलेलंच असेल, तरी वाच.

एकाहत्तर साल. तुझं कॉलेज बंद, परीक्षा पुढे, मग आणखी पुढे. नक्षलवाद्यांचे आणि पोलिसांचे ते दिवस, रोज कुठल्या ना कुठल्या गल्लीत कोणाचा तरी मुलगा पडल्याची बातमी. आणि मग एका सकाळी तुमचा जयप्रकाश. तो ना या पक्षाचा ना त्या. दूध आणायला गेलेला मुलगा. आदल्या दिवशी आपल्याकडे बसून माझ्या हातच्या थालीपिठाला 'आण्टी, एक और' म्हणाला होता. त्यानंतर तुझी झोप गेली. आपणच तुला डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, मॅण्ड्रॅक्स. आपल्याला बरंच वाटलं, पोर झोपायला लागलं म्हणून. त्या गोळ्या कोपऱ्यावरच्या दुकानात चिठ्ठीशिवायही मिळतात, आणि एकीच्या दोन, दोनाच्या पाच होतात, हे आपल्याला कुठे ठाऊक? तू दिवसाही अडखळायला लागलास, बोलताना शब्द सांडायला लागलास, तेव्हा मला वाटलं दुःखाने असं होत असेल. आषाढात तू न्हाणीघरात पडलास आणि तुझे हातपाय झटके द्यायला लागले, तेव्हा कळलं. त्याच दिवशी बाबांनी टॅक्सी बोलावून तुला बेहालातल्या त्या लहानशा नर्सिंग होममध्ये नेलं.

आता तुला माहीत नसलेली एक गोष्ट सांगते. तिथल्या डॉक्टरांनी सुरुवातीला घरच्यांना भेटायची मनाई केली होती. तुला वाटत राहिलं की बाबा लाजेने येत नाहीत. तू घरी आल्यावर माझ्याजवळ एकदा तसं बोललासही. विनू, ते रोज येत होते. ऑफिस सुटलं की बस धरून बेहालाला यायचे आणि दाराबाहेर जे लाकडी बाक होतं, त्यावर बसायचे. आत जाता येत नाही हे माहीत असून बसायचे. आयाबाई आत-बाहेर करताना मान हलवून सांगायची, खोका खेलो, म्हणजे मुलगा जेवला. तेवढं ऐकून उठायचे आणि घरी यायचे. मला सांगायचे, ऑफिसात काम फार आहे. मला हे कसं कळलं? तुला आणायला गेलो तेव्हा त्या आयाबाईने त्यांना ओळखून हात जोडले आणि मला सगळं सांगितलं. मी त्यांना विचारलं, घरी का नाही सांगितलंत? तर म्हणाले, बसून काही उपयोग तर होत नव्हता, सांगायचं काय!

आणि कावीळ? ती ठरवून कोणी काढली नाही. तू बेहालाला असताना गणपती आले. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत दरवर्षी आरतीला झांजा तुझ्या, त्यामुळे तुझी गैरहजेरी पहिल्याच आरतीला कळली. कालिंदीबाईंनी भर मांडवात विचारलं, विनायक दिसत नाही? बाबांच्या तोंडून निघून गेलं, कावीळ झालीय, दवाखान्यात आहे. त्या वर्षी अर्ध्या शहराला कावीळ होती, तीच जिभेवर आली असणार. मी नंतर वैतागून म्हटलंही, सांगायचंच होतं तर डोळे आलेत म्हणून सांगायचं, अख्ख्या कलकत्त्याचे डोळे आले होते, आठवड्यात निभावलं असतं. कावीळ म्हणजे महिनोन्‌महिने पथ्य. आणि आपली मराठी माणसं म्हणजे मूठभर, पण एकाच्या घरी शिंक आली की दहा घरांतून काढा येणार. उसाचा रस आला, मुळ्याचा रस आला, साळीच्या लाह्या आल्या. आलेल्या माणसासमोर पिवळीधमक आमटी कशी वाढू? मी हळदीचा डबा वरच्या फळीवर ठेवून दिला. त्या आश्विनातला माझा स्वयंपाक आठव, पांढरी भाजी, पांढरं वरण, फोडणी नाही, मीठ नावालाच. कोणालाच न झालेल्या आजाराचं पथ्य आपण सगळ्यांनी पाळलं, आणि सगळ्यांत निमूटपणे बाबांनी.

तू घरी आलास तेव्हा चाळीस किलोचा झाला होतास असं मी सांगत फिरते, पण वजन कोणी केलं होतं! चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचास तरी बशीत चहा सांडायचा. त्याच आठवड्यात माशीमा त्यांच्या कविराजाकडून, म्हणजे वैद्याकडून, ती माळ घेऊन आल्या. कसल्याशा झाडाच्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गाठवलेली, डोक्यावर मुकुटासारखी बसेल एवढीच. ती डोक्यावर ठेवायची, आणि कावीळ उतरेल तशी माळ लांबत लांबत गळ्यात येते, मग छातीवर, मग पोटावर. त्यांना नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. तूही मुकाट्याने डोकं पुढे केलंस. आणि ती मेली खरंच लांबायला लागली! तुझ्या बहिणीने, हेमाने, तेव्हाच सांगितलं होतं, काड्या सुकून बारीक होतात आणि गाठी सैल पडतात, कोणाच्याही डोक्यावर ठेव, लांबणारच. पण माशीमा रोज येऊन बोटांनी मोजायच्या, हात जोडायच्या, आणि सगळ्या कॉलनीला सांगायच्या. मंडळातल्या बायका खास माळ बघायला आल्या. ती पोटापर्यंत आली त्या दिवशी तू आरशात बघून हसलास. किती महिन्यांनी हसलास! आणि हसता हसता म्हणालास, "आई, नसलेली कावीळ उतरली. असलेलं कधी उतरेल?"

मी पदराने डोळे पुसून आत गेले. उत्तर मला नंतर एकेक दिवसाने मिळत गेलं. तू डॉक्टरांच्या सांगण्यावरून सकाळी नदीच्या बाजूने पळायला लागलास. आधी गोदीच्या दारापर्यंत, धापा टाकत परत. मग त्याच्या पुढे. एका दुपारी तू खाली चटईवर तोंड उघडं टाकून झोपलास, गोदीतल्या जहाजाचा भोंगा झाला तरी हललास नाहीस. मी तुझ्या उशाशी बसून तांदूळ निवडत होते, आणि मला वाटलं उठून कोणाला तरी सांगावं, माझा मुलगा आपला आपण झोपलाय. सांगणार कोणाला? काविळीच्या माणसाची झोप कोणी मोजत नाही. मग डिसेंबरात लढाई लागली, खिडक्यांना काळे कागद लावले, आणि तू रस्त्याच्या कडेला उभा राहून जवानांच्या ट्रकांना पाण्याच्या कळशा द्यायला जायचास. लष्करात जायचं तुझ्या मनात तिथेच आलं, हे तू सांगितलं नाहीस तरी मला कळलं होतं. त्या कळशीतलं पाणी तुझ्या हातून सांडत नव्हतं, मी खिडकीतून बघितलं आहे.

आता घरची बातमी. हेमाला नागपूरचं स्थळ आलं आहे, हे तुला बाबांनी लिहिलंच असेल. मुलगा कालिंदीबाईंचा भाचा, पोस्टात अधिकारी, फोटोत तरी बरा दिसतो. पुढच्या महिन्यात मंडळी बघायला येणार. बाबांच्या 'कावीळ सांग' मागे हेच आहे, विनू. तुझं खरं बाहेर पडलं की ते अलाहाबादहून कलकत्त्याला आणि कलकत्त्याहून नागपूरला पोचायला किती वेळ लागतो, याचा हिशेब त्यांनी मनात मांडला. एका मुलासाठी मुलीचं मोडायचं की मुलीसाठी मुलाला खोटं बोलायला लावायचं, या कात्रीत माणूस सापडला होता. तुला लिहिलेलं पत्र पेटीत टाकून आले आणि जेवले नाहीत.

काल आपल्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं. हेमाने आरास सुरेख केली होती, झोपाळ्याला तुझ्या जुन्या पतंगांचे कागद कापून लावले. आंब्याची डाळ, पन्हं, कलिंगड, सगळं झालं. पंचवीसएक बायका होत्या. त्यांत वृंदा म्हणून एक नवी मुलगी आली होती. नवरा बँकेत, दोन महिन्यांपूर्वी पुण्याहून बदलून आलेला. हिला इथे अजून बाजार कुठे तेही माहीत नाही. पन्ह्याचा पेला हातात घेऊन ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, यांचे डोळे आठ दिवस पिवळे दिसतायत, अन्न टिकत नाही. कालिंदीकाकूंनी सांगितलं तुमच्या मुलाची कावीळ माळेने उतरली, ती माळ आहे का अजून? नाहीतर ती देणारे वैद्य कुठे बसतात? मी विचारलं, डॉक्टर काय म्हणतात. तर म्हणाली, डॉक्टरांकडे नेलंच नाही. तुमच्या मुलाला एवढा गुण आला म्हणून म्हटलं आधी माळ करून बघू.

माझ्या हातात हळदीची कोयरी होती. बाजूला बसल्या बसल्या कालिंदीबाई कौतुकाने सांगतच होत्या, अगं पोटापर्यंत आली होती माळ, मी स्वतः पाहिलीय, आणि आता बघ, पोरगा मिलिटरीत निघालाय! सगळ्या बायका माना डोलवत होत्या. वृंदा माझ्याकडे अशी बघत होती की मी आत जाऊन ती माळ काढून आणते की काय. आणि ती आहे रे, ट्रंकेत, तुझ्या बारशाच्या कुंचीखाली. मला एकदम भीती वाटली. स्वतःची नाही, त्या मुलीच्या नवऱ्याची. आपली थाप आता दुसऱ्याच्या घरात औषध व्हायला निघाली होती.

मी म्हटलं, "वृंदा, माळ नको. उद्या सकाळी आधी डॉक्टर. आमच्या विनूला कावीळ नव्हतीच. त्याला झोपेच्या गोळ्यांचं व्यसन लागलं होतं, ते सोडवायला तो दवाखान्यात होता."

एवढंच. आवाज मोठा केला नाही, पण पंचवीस बायकांत तेवढाच आवाज होता. कालिंदीबाईंनी डाळीची वाटी खाली ठेवली. मग ओटीचे हरभरे पदरात घेतले, नमस्कार केला, आणि पन्हं न पिताच निघाल्या. आजही त्यांच्याकडून निरोप नाही. नागपूरचं काय होईल, मला खरंच माहीत नाही, आणि सगळं छान होईल असं तुला खोटं लिहिणार नाही, खोटं लिहून झालं आपलं. हेमा मात्र माझ्या हातातली कोयरी घेऊन पुढच्या बाईला हळद लावायला लागली, जसं काही झालंच नाही. रात्री भांडी पुसताना म्हणाली, "आई, ते घर बघायला येणार आहेत ना? मग खरं घर बघू देत." तुझ्या बहिणीला मी उगीच मठ्ठ म्हणत आले. आणि वृंदाने आज सकाळीच नवऱ्याला डॉक्टरकडे नेलं, रक्त तपासायला दिलंय.

बाबांना मी काल संध्याकाळीच सांगितलं. ते पेपर हातात धरून बसून राहिले. चिडले नाहीत, चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. आज सकाळी ऑफिसला गेले. मी ठरवलं, आता उत्तर मीच लिहायचं, आणि हे पत्र लिहायला बसले. इथवर लिहून झालं आणि दुपारीच दार वाजलं. बाबा. एवढ्या उन्हात, छत्री ऑफिसात विसरून. खिशातून रेल्वेचा पास काढून माझ्यासमोर ठेवला. दोघांचा, अलाहाबादचा. रेल्वेच्या नोकरीत वर्षाला मोजके पास मिळतात, त्यांतला हा हेमाच्या लग्नाच्या खरेदीला नागपूरला जायचा म्हणून राखून ठेवलेला होता. म्हणाले, संपाच्या गोष्टी चालल्यात, गाड्या आहेत तोवर जाऊन येऊ. आणि मग भिंतीकडे बघत म्हणाले, "त्याला लिही, माझं ते पत्र फाडून टाक म्हणावं."

म्हणून हे पत्र, विनू. घरी काय होईल, असं तू विचारलं होतंस ना? जे व्हायचं ते काल होऊन गेलं. झाकायला आता काही उरलं नाही, तेव्हा आमच्यासाठी काही झाकू नकोस. सोमवारी डॉक्टर विचारतील ते जसं झालं तसं सांग, गोळ्यांचं नाव, दवाखान्याचं नाव, सगळं. ते नाही म्हणाले तर आपण तिघं बरोबर परत येऊ आणि पुढचं पुढे बघू. पण नसलेली कावीळ उतरताना अख्ख्या मंडळाने पाहिली, आणि असलेलं उतरलं ते फक्त आम्ही पाहिलंय. डॉक्टरांना कोणाला विचारावंसं वाटलं तर सांगायला माणूस हवं. आम्ही रविवारी सकाळी पोचतो, श्यामरावांना सांगून ठेव, आणि त्यांच्या घरच्यांना म्हणावं आमच्यासाठी वेगळं काही करू नका. लष्करात निघालेल्या मुलाच्या मागे आईबाप आले म्हणून तुझे मित्र हसतील, तर हसू देत. आम्ही आत येणार नाही. इस्पितळाबाहेर एखादं बाक असेलच, बाबांना त्याची सवय आहे. फरक एवढाच की बाहेर कोण बसलंय, हे या वेळी तुला माहीत असेल.

पत्र हावड्याला थेट गाडीच्या टपालडब्यात टाकायला बाबा स्वतः निघालेत, चपला घालून दारात उभे आहेत, तेव्हा पुरे करते.

तुझीच,
आई